कोची पहिल्यांदाच बघताय?

आधी वार बघा, मग तिकीट काढा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचं १५६८ चं प्रार्थनास्थळ शनिवारी. मी नेमका शनिवारी गेलो होतो. बंद दाराचा फोटो काढून परतलो. सिनेगॉगमध्ये चपला बाहेर काढायच्या. आत झुंबरांकडे बघत राहाल, पण मान खाली घाला: निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांवरची चित्रं हाताने रंगवलेली आहेत. राजवाड्याला ‘डच’ म्हणतात, बांधला मात्र पोर्तुगीजांनी. रामायणाच्या भित्तिचित्रांना तासभर द्याच.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला टॅक्सी कशाला? बोटीने जा, स्वस्तही पडतं. मासेमारीची चिनी जाळी सकाळी लवकर बघा. चार-पाच जण दोर ओढतात, दुसऱ्या टोकाला टांगलेले दगड वजन तोलतात. ‘या, ओढून बघा’ म्हणाले तर नंतर पैसे द्यावे लागतात, हे धरूनच चढा.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, पण रिकामी. अवशेष १५३९ साली पोर्तुगालला नेले. दहा मिनिटं पुरे.

आणि हो, मट्टनचेरीत कोकणी कानावर पडली तर दचकू नका. पोर्तुगीज काळात गोव्यातून गेलेले सारस्वत तिथे अजून आहेत.