फिनलंडसारखा कमाईवर आधारित वाहतूक दंड आपल्याकडे लावावा का?

लावावा, असं माझं ठाम मत आहे. फक्त कमाई मोजायची तिथली पद्धत इथे चालणार नाही.

माझा धाकटा भाऊ जालन्यात एका मालकाची पिकअप चालवतो. मोसंबीच्या दिवसांत पहाटे गाडी भरून संभाजीनगर गाठायचं. मागच्या हंगामात वेगाचं चलन आलं, दोन हजारांचं. मेसेज मालकाच्या मोबाईलवर आणि कपात भावाच्या पगारातून. त्याची हजेरी पाचशे, म्हणजे चार दिवस गेले. त्या महिन्यात किराणा दुकानाच्या वहीत आमच्या नावाचं पान दोन्ही बाजूंनी भरलं. चूक त्याची होती, दंड भरायलाच हवा. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात हलक्या गाडीला वेगाचा दंड १,००० ते २,००० रुपये आहे, मग गाडी ऑल्टो असो की ऑडी. समृद्धीवरून सुसाट जाणाऱ्या चाळीस लाखांच्या गाडीवाल्याला दोन हजार गेलेले कळतही नाहीत.

फिनलंडमध्ये १९२१ पासून 'दिवस-दंड' आहे. महिन्याला हातात पडणाऱ्या कमाईतून २५५ युरो वजा करायचे, उरलेल्याला ६० ने भागायचं, तो एक दिवस-दंड. गुन्हा मोठा तसे दिवस जास्त. थोडाच वेग वाढला तर तिथेही ठरलेलाच दंड असतो. २०२३ मध्ये अँडर्स विक्लोफ या उद्योजकाने ५० च्या हद्दीत ८२ ने गाडी हाणली, तर १ लाख २१ हजार युरो दंड बसला.

तिथे हे जमतं, कारण पोलिसांना कराची नोंद लगेच बघता येते. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, मजुरी रोखीत. मोठा बागायतदार कागदावर रिकामा दिसेल आणि वाळूजच्या कंपनीतला पगारदार तेवढा सापडेल.

म्हणून गाडीची किंमत धरा. कारचा एकरकमी कर आरटीओ आजही किमतीच्या टक्क्यांतच घेतं, म्हणजे आकडा त्यांच्याकडे आहेच. मालाच्या गाड्यांना मात्र वेगळा, कमी दर हवा, कारण तिथे गाडी एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला.

काही जण म्हणतात, पैशांऐवजी लायसनच निलंबित करा, ते सगळ्यांना सारखं. मला पटत नाही. गाडीवाला तीन महिने ड्रायव्हर ठेवेल. माझ्या भावाचं लायसन तीन महिने गेलं, तर मालक दुसऱ्याच दिवशी चावी दुसऱ्याच्या हातात देईल.