परग्रहावरचे बुद्धिमान जीव माणसाशी वैर धरतील का?

तुमचा प्रश्न असा की, परग्रहावर बुद्धिमान जीव असले आणि ते कधी इथवर पोचले, तर माणसाशी शत्रूसारखे वागतील का. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. वैर धरतील असं मला वाटत नाही. पण वैर नसलं तरी जीव जाऊ शकतो. या दोन गोष्टींतला फरक मला आमच्याकडच्या लाडबोरी गावात आभाळातून पडलेल्या धातूच्या कड्यानं शिकवला.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातला. शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, आता धानाची शेती बघतो. २ एप्रिल २०२२ ला गुढीपाडवा होता. रात्री आठच्या आतबाहेर आभाळातून जळते गोळे ओळीनं सरकत गेले. उल्का क्षणात विझते. हे मात्र सावकाश चालले होते, घरातल्या सगळ्यांना हाका मारून बाहेर बोलवण्याइतका वेळ मिळाला. थोड्याच वेळात निरोप आला की लाडबोरीत काहीतरी पडलं. धातूचं कडं, जवळपास तीन मीटर व्यासाचं, तापलेलं. आसपासच्या गावांतही धातूचे गोळे सापडले. कोणी म्हणे विमान फुटलं, कोणी म्हणे बॉम्ब, आणि परग्रहावरचं यान म्हणणारेही होते. पुढे खगोलतज्ज्ञांनी कक्षा जुळवून सांगितलं की तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चँग झेंग-३बी या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा.

ते कडं एखाद्या घरावर आलं असतं तर झोपलेली लेकरं गेली असती. पण रॉकेट सोडणाऱ्यांचं लाडबोरीशी काय वैर? लाडबोरी नावाचं गाव आहे हेच त्यांच्या गावी नव्हतं. त्या रात्रीपासून मला परग्रहवासीयांच्या शत्रुत्वाची भीती वाटत नाही. वाटलीच तर या नकळतपणाची वाटते.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी २०१० मध्ये कोलंबसाचं उदाहरण देऊन सावध केलं होतं : तो आला, आणि तिथल्या मूळ रहिवाशांचं भलं झालं नाही. मला त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज वाटत नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. १८७० पर्यंत खामगावच्या कापूस बाजाराला रेल्वे येऊन भिडली. ज्वारीच्या वावरात पराटी, म्हणजे कपाशी, उभी राहिली. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याच वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली. यातल्या कुणी वऱ्हाडी शेतकऱ्याला मारायचं ठरवलं नव्हतं. त्यांना कापूस हवा होता, एवढंच.

म्हणून 'ते चांगले असतील की वाईट' यापेक्षा 'त्यांना इथलं काय लागेल' हा प्रश्न मला खरा वाटतो. आमच्या वस्तीतली एक बाई मोहफुलं वेचताना वाघानं मारली. वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो. तिच्या मुलानं त्या वाघाला कधी वैरी म्हटल्याचं मला आठवत नाही. वाघाला भूक होती. ताऱ्यांपलीकडून येणाऱ्याला कसली भूक असेल?

पाणी? आपल्याच सूर्यमालेत गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली पृथ्वीच्या सगळ्या महासागरांहून जास्त पाणी असावं, असा अंदाज आहे. लोखंड, निकेल लघुग्रहांत उघडं पडलंय, तेही कुणाच्या मालकीचं नसलेलं. आपलं मांस त्यांना पचेलच असं नाही, कारण त्यांची शरीरं वेगळ्याच रसायनांतून घडली असतील. आणि अंतर बघा. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर. सेकंदाला १७ किलोमीटर धावणाऱ्या व्हॉयेजर-१ या मानवरहित यानाला तेवढं अंतर कापायला ७० हजारांवर वर्षं लागतील. आम्ही धान नागपूरला न्यायचं म्हटलं तरी आधी भाडं परवडतं का ते बघतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यांत वजनदार वाटते. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठायला लागून दोन अब्जांहून जास्त वर्षं झाली. दूरच्या ग्रहाच्या हवेतून गाळून आलेला प्रकाश तपासला की तिथे कोणते वायू आहेत ते कळतं. आपल्या दुर्बिणीही आता हे करू लागल्यात. म्हणजे हिरवं वावर जसं लांबच्या टेकडीवरून दिसतं, तशी ही जिवंत पृथ्वी कधीपासून दिसते आहे. कुणाला तोडायचीच असती तर माणूस जन्मायच्या आधीच तोडून नेली असती. अर्थात याचा दुसरा अर्थ असाही निघतो की आसपास कोणीच नाही. तो अर्थ मला शत्रूपेक्षा जास्त छळतो.

माझी आजी सप्तर्षींतल्या चार ताऱ्यांना म्हातारीची बाज म्हणायची आणि शेपटीच्या तिघांना ती बाज न्यायला आलेले चोर. आभाळात चोर बघायची आपली सवय जुनी आहे. पण व्हॉयेजरवर १९७७ मध्ये जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात ५५ भाषांमधल्या शुभेच्छा आहेत आणि त्यात मराठीही आहे. केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. चोरासाठी कोणी भैरवी पाठवत नाही. ती पाठवली याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तबकडी मुकाट्यानं जाते आहे, ती कुणाला सापडली तरी फार उशिरा. रेडिओनं जोरात हाक मारणं वेगळं. १६ नोव्हेंबर १९७४ ला पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरून शून्य आणि एक अशा १,६७९ अंकांचा संदेश एम-१३ या तारकागुच्छाकडे सोडला गेला. तो निर्णय मूठभर शास्त्रज्ञांनी घेतला. ऐकत राहावं, हे मला पटतं. हाक मारायची तर आधी जगातल्या देशांनी एकत्र बसून ठरवावं. कडं कुठे पडेल हे लाडबोरीलाही कोणी सांगितलं नव्हतं.

त्या संदेशाला पोचायला अजून सुमारे २५ हजार वर्षं आहेत. उन्हाळी धानाच्या जागलीला पुतण्या सोबत असतो, तो नेहमी विचारतो की संदेश कुठे पोचला असेल. मी मे महिन्यात रात्री दहा-अकराला ईशान्येला शौरी (हर्क्युलिस) हा तारकासमूह दाखवतो आणि हातात साधी द्विनेत्री दुर्बीण देतो. त्यातला एम-१३ कापसाच्या बोंडासारखा फिकट दिसतो. पुतण्या बराच वेळ डोळा काढत नाही.