तुमच्या नमपायचं डॉक्युमेंटेशन तुमच्याच मशीनमध्ये आहे

प्रश्न : मी उदगीरला संगणक पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. वेबसाइटवर वाचून मी प्रॅक्टिकलमध्ये नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतलं (प्रोग्रॅममध्ये तिला ‘एनपी’ म्हणतात) ‘एनपी.कॉन्कॅट’ वापरलं, तर असं नावच नाही, असा ॲट्रिब्यूट एरर आला. लॅबमध्ये नमपाय 1.26 आहे आणि इंटरनेट असून नसल्यासारखं. म्हणून घरी 1.26 चा सोर्स उतरवला आणि डॉक्युमेंटेशन बिल्ड करायला ‘मेक एचटीएमएल’ दिलं. ‘इन्स्टॉल्ड नमपाय’ आणि ‘करंट रेपो गिट व्हर्जन’ जुळत नाहीत, असं सांगून ते थांबतं. एक सीनियर म्हणतो, बिल्डच्या ‘जीआयटीव्हर’ या व्हेरिएबलमध्ये हवी ती किंमत भर आणि ती तपासणी चुकव. तसं करू का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : तसं अजिबात करू नका. त्या मेसेजने तुमचं काम वाचवलं आहे. ते कसं, ते पुढे सांगतो. आधी प्रॅक्टिकल मार्गी लावू.

‘कॉन्कॅट’ हे नाव नमपाय 2.0 मध्ये, म्हणजे जून 2024 मध्ये आलं. ते अरे एकमेकांना जोडणाऱ्या ‘कॉन्कॅटनेट’ फंक्शनचंच दुसरं नाव आहे. लॅबमध्ये पूर्ण नाव लिहा, प्रोग्रॅम चालेल. वेबसाइटवर ‘स्टेबल’ लिहिलेली पानं कायम सगळ्यात नव्या रिलीजची असतात. त्यामुळे वाचायला बसण्याआधी ‘एनपी.__व्हर्जन__’ छापून बघायची सवय लावाच.

आता इंटरनेटशिवाय वाचायचं कसं? पायथनमध्ये ‘हेल्प(एनपी.कॉन्कॅटनेट)’ लिहा. ‘जॉइन अ सीक्वेन्स ऑफ अरेज’ अशी सुरुवात होऊन पॅरामीटर, ॲक्सिसची डीफॉल्ट किंमत 0, आणि खाली उदाहरणं, सगळं येतं. हा मजकूर फंक्शनबरोबरच साठवलेला असतो, त्याला डॉकस्ट्रिंग म्हणतात. तो लॅबमध्ये बसवलेल्या नमपायचाच असल्यामुळे व्हर्जनचा घोळ होत नाही. ब्राउझरमध्ये वाचायचं असेल तर टर्मिनलवर ‘पायथन -एम पायडॉक -बी’ द्या. तुमच्याच मशीनवर एक छोटा सर्व्हर सुरू होतो आणि बसवलेल्या सगळ्या मॉड्यूलांची यादी उघडते. फंक्शनचं नावच आठवत नसेल, तर 1.26 मध्ये ‘एनपी.लुकफॉर’ आहे. त्याला ‘जॉइन’ हा शब्द द्या, तो डॉकस्ट्रिंगा धुंडाळून देतो. 2.0 मध्ये ते काढून टाकलं, याचं मला वाईट वाटतं. नेट नसलेल्या लॅबमध्ये त्याचा फार उपयोग होता.

ब्रॉडकास्टिंगसारखी (वेगवेगळ्या आकारांच्या अरेंवर एकत्र क्रिया करण्याची) सविस्तर प्रकरणं मात्र डॉकस्ट्रिंगमध्ये भागत नाहीत. त्यासाठी नमपायच्या साइटवर जुन्या व्हर्जनांची यादी आहे, तिथून 1.26 च्या मॅन्युअलची झिप फाइल उतरवून घ्या. पेनड्राइव्हवर टाका, लॅबमध्ये उघडा. फक्त वाचायचं असेल तर मी हाच रस्ता सुचवीन.

पण तुम्ही बिल्ड करायला घेतलंत, याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. नमपायचं डॉक्युमेंटेशन दोन ठिकाणांहून गोळा होतं. प्रकरणं ‘डॉक’ फोल्डरमधल्या फाइलींत लिहिलेली असतात. फंक्शनांची पानं मात्र कुणी वेगळी लिहीत नाही. स्फिंक्स हा डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारा प्रोग्रॅम बिल्डच्या वेळी नमपाय खरोखर इम्पोर्ट करतो आणि एकेका फंक्शनची डॉकस्ट्रिंग उचलून पान बनवतो. कुठलं नमपाय इम्पोर्ट होणार? तुमच्या पायथनला जे सापडेल ते. घरच्या मशीनवर बहुतेक पिपने आलेलं 2 च्या पुढचं आहे. तपासणी चुकवली असती तर प्रकरणं 1.26 ची आणि फंक्शनांची पानं 2 ची, असं मिश्रण तयार झालं असतं आणि व्हर्जनचा तोच घोळ पुन्हा तुमच्या पदरात पडला असता. म्हणून तर मेकफाइल (‘मेक’ला सूचना देणारी फाइल) बसवलेलं नमपाय आणि उतरवलेला सोर्स एकाच कमिटचे, म्हणजे गिटमधल्या एकाच नोंदीचे आहेत का, हे ताडून बघते.

तेव्हा वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या कामापुरता पायथनचा स्वतंत्र कप्पा करा. पायथन 3.12 किंवा त्याआधीचं घ्या, 1.26 त्यापुढे जात नाही. सोर्स झिपने न घेता गिटने क्लोन करा, ‘v1.26.4’ टॅगवर या आणि सबमॉड्यूल, म्हणजे सोर्सला जोडलेल्या दुसऱ्या रेपोसुद्धा उतरवा. ते राहिले की बिल्ड भलत्याच ठिकाणी अडतं आणि कारण लवकर सापडत नाही. डॉक्युमेंटेशनसाठी लागणाऱ्या पॅकेजांची यादी सोर्समध्येच आहे, ती पिपला द्या. सी भाषेचा कंपायलर आणि डॉक्सिजन (सी कोडमधलं डॉक्युमेंटेशन काढणारा प्रोग्रॅम) मात्र पिपमधून न घेता वेगळे बसवा. मग ‘स्पिन डॉक्स’ द्या; स्पिन म्हणजे नमपाय बिल्ड करायला वापरला जाणारा छोटा प्रोग्रॅम. तो आधी त्याच सोर्समधून नमपाय तयार करतो आणि मग स्फिंक्स चालवतो, त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप जुळतात. वेळ लागेल, कारण पानांमधले आलेखही तिथल्या तिथे काढले जातात. हे सगळं नेट असलेल्या ठिकाणी करा. इतर लायब्ररींच्या दुव्यांसाठी स्फिंक्स त्यांच्या सूच्या ऑनलाइन मागतो आणि त्या मिळाल्या नाहीत की इशारे देत बसतो. शेवटी ‘डॉक/बिल्ड/एचटीएमएल’ हे फोल्डर जसंच्या तसं लॅबमध्ये न्या.

एकदा बिल्ड झालं की एखाद्या डॉकस्ट्रिंगमध्ये स्वतः एक उदाहरण घाला आणि पुन्हा ‘स्पिन डॉक्स’ चालवून ते पानावर उमटतं का बघा. वाचताना एखादं वाक्य खटकलं आणि दुरुस्ती पाठवावीशी वाटली, तर ती 1.26 वर करू नका. नमपायच्या मुख्य शाखेत ते वाक्य अजून तसंच आहे का, हे आधी बघा आणि दुरुस्ती तिथेच पाठवा.