लॉकडाऊनपासून बाबा घराबाहेरच पडत नाहीत, फोनवरही बोलत नाहीत. काय करू?

तुम्ही बंगळुरूला, बाबा नाशिकला एकटे, आणि फोनवर ‘बरा आहे’च्या पुढे गाडी जात नाही. तुमची काळजी समजते, पण याला हट्टीपणा म्हणू नका. मार्च २०२० मध्ये ६५ वर्षांवरच्यांना घरातच थांबायला सांगितलं. जूनपासून बाकीच्यांना हळूहळू मोकळीक मिळाली, यांना मात्र सल्ला तोच राहिला. साठीपुढच्यांची लस सुरू झाली १ मार्च २०२१ ला. वर्षभर ‘तुम्हालाच जास्त धोका’ ऐकलेला माणूस सहजासहजी उंबरा ओलांडत नाही. शिवाय कट्ट्यावरचे काहीजण त्या काळात गेले असतील, तर तिथे जायचं म्हणजे त्यांची जागा रिकामी बघायची.

माझे सासरे बँकेतून निवृत्त झालेले. डोंबिवलीत आमच्याचकडे राहतात. घर भरलेलं, तरी तेव्हा पार गप्प झाले होते. आम्ही विचारायचो काय, तर गोळी घेतली का, ऑक्सिजन किती, जेवलात का. त्यावर माणूस ‘हो’शिवाय काय बोलणार?

त्यांना बोलतं केलं हयातीच्या दाखल्याने, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यायच्या जिवंत असल्याच्या पुराव्याने. २०२० च्या नोव्हेंबरात कट्ट्यावरच्या एका मित्राचा फोन आला, ‘बँकेत जायची भीती वाटते, पेन्शन थांबेल का रे?’ पोस्टमन घरी येऊन बोटाचा ठसा घेऊन डिजिटल दाखला काढून देतो, ही सोय तेव्हाच सुरू झाली होती. सासऱ्यांनी सगळी चौकशी केली. कालनिर्णयच्या जुन्या पानामागे यादी लिहिली: आधार, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, पासबुक. मग एकेका मित्राला फोन करून ती मोठ्याने वाचून दाखवायचे, समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचे. दाखल्याचं बोलणं संपलं की गुडघे, सुना, जुने साहेब, सगळं निघायचं. चेहराच बदलला त्यांचा.

म्हणून तुम्हीही बाबांची विचारपूस थोडी कमी करा आणि त्यांच्याकडे काहीतरी मागा. घराच्या कागदपत्रांबद्दल, आजोळच्या नात्यांबद्दल, त्यांना जे येतं त्याबद्दल खरंच विचारा. त्यांचा एखादा जुना मित्र शोधून रोजची फोनची वेळ ठरवून द्या. साधा फोनच बरा, व्हिडिओ कॉलवर बरेच म्हातारे अवघडतात. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात पहिल्यांदा जाताना मात्र कुणीतरी सोबत हवं, एकटे ते जाणार नाहीत. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि पुढच्या खेपेला नाशिकला गेलात की कान तपासून घ्या. ऐकू कमी येत असेल तरी माणूस फोन लवकर ठेवतो. झोप किंवा जेवण तुटलं असेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.