आईबरोबरचा फ्लॅट विकला, रिटर्न कुणी भरायचा?

प्रश्न: कोथरूडचा फ्लॅट २०१०-११ मध्ये आई आणि मी मिळून ३० लाखांना घेतला होता, पैसे निम्मे निम्मे घातले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ९० लाखांना विकला. आई ७१ वर्षांची आहे, तिला फक्त वर्षाला ३ लाख पेन्शन, म्हणून सगळे पैसे तिच्याच खात्यात घेतले. मग हा व्यवहार फक्त तिच्या रिटर्नमध्ये दाखवला तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, आणि प्लीज तसं करू नका, कारण नोटीस आली तर या वयात आईला उगाच त्रास होईल. पैसे कुणाच्या खात्यात गेले यावर टॅक्स ठरत नाही, घर कुणाच्या मालकीचं होतं आणि विकत घेताना कुणी किती पैसे घातले यावर ठरतो. तुमचा निम्मा हिस्सा आहे म्हणजे निम्मा नफा तुमचाच, तो तुमच्या रिटर्नमध्ये यायलाच हवा. तुमच्या हिश्श्याचे पैसे आईकडे राहू द्यायचे असतील तर खुशाल राहू द्या, मुलाने आईला दिलेल्या पैशावर तिला टॅक्स लागत नाही.

आता हिशोब बघा. प्रत्येकाच्या वाट्याला विक्री ४५ लाख, खरेदी १५ लाख, नफा ३० लाख. त्यावर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार न वाढवता) १२.५ टक्क्यांनी ३.७५ लाख टॅक्स होतो. पण घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं आहे आणि तुम्ही दोघं भारतात राहता असं धरलं, तर जुनी, इंडेक्सेशनची पद्धतही लावून बघता येते: १५ लाख गुणिले ३७६ भागिले १६७ (विक्रीच्या आणि खरेदीच्या वर्षाचे सरकारी महागाई निर्देशांक) म्हणजे साधारण ३३.७७ लाख, नफा ११.२३ लाख, २० टक्क्यांनी २.२५ लाखाच्या आसपास. जे कमी तेच भरायचं, सेस (टॅक्सवरचा अधिभार) वेगळा. खरेदीच्या वेळची स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी पण किमतीत धरा, पावत्या शोधून ठेवा, लोक हे हमखास विसरतात. आईची पेन्शन नव्या रिजीममधल्या (नव्या कर-पद्धतीतल्या) ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आत आहे, म्हणून उरलेली मर्यादा तिच्या नफ्यातून वजा होते, तुमचा पगार त्याहून जास्त असेल तर तुम्हाला ती सवलत नाही.

दोघांनाही आयटीआर-२ भरावा लागेल, नेहमीचा आयटीआर-१ नाही. आईला अॅडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी भरायचा टॅक्स) नाही, पण तुम्हाला होता, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला, भरला नसेल तर व्याज धरूनच भरा.

आणि २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचं विवरणपत्र, आयकर पोर्टलवर मिळतं) आजच उघडून बघा. प्रत्येकाचा हिस्सा ५० लाखांच्या खाली असला तरी ऑक्टोबर २०२४ पासून एकूण किंमत बघतात, त्यामुळे खरेदीदाराने १ टक्का म्हणजे ९० हजार टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) कापायला हवा होता, दोघांच्या पॅनवर ४५-४५ हजार, वेगवेगळ्या २६क्यूबीने (खरेदीदाराने हा टीडीएस भरायचा फॉर्म). सगळा एकाच पॅनवर गेला असेल तर दुरुस्ती खरेदीदारालाच करावी लागते, म्हणून त्याला रिटर्नच्या आधी फोन करा.