पोळ्याच्या आठवड्यात अंगणवाडीत काय घेऊ?

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. तीन ते सहा वर्षांची सगळी लेकरं एकाच खोलीत, त्यात काही कोलाम आदिवासींची, त्यांना मराठी अजून नीट समजत नाही. तालुक्याला कॉन्व्हेंट निघाल्यापासून मायबाप रोज विचारतात, "मॅडम, आमचं पोट्टं एबीसीडी काऊन नाही लिहित?" पुढच्या आठवड्यात पोळा आहे, पोरांचं सगळं ध्यान तिकडंच. आठवडा वाया जाऊ नये म्हणून काय घेऊ?

उत्तर: ताई, वाया कशाला जाईल, मला तर हाच वर्षातला सगळ्यात भरगच्च आठवडा वाटतो, कारण पोरांच्या डोक्यात बैल आधीच शिरलेला असतो.

सोमवारी काळी माती आणा, खडे-काचा चाळून काढा, आणि सगळ्यांना बैल करायला बसवा. तीन वर्षांचं लेकरू नुसता गोळा थापेल, पाच वर्षांचं शिंगं, वशिंड, शेपटी सगळं करेल, दोघांचंही बरोबरच. लिहायचं उत्तरही इथंच आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मताना ती कूर्चेची असतात आणि पाच-सहा वर्षांच्या वयातही सगळी पक्की झालेली नसतात, अशा हाताला पानभर एबीसीडी काढायला लावली की पोर पेन्सिल मुठीत आवळतं, हात दुखतो, मग वहीच नको म्हणतं. माती मळताना, चिमटीनं शिंग ओढताना तीच बोटं तयार होतात. मायबापांना हे त्यांच्याच पोरानं केलेला बैल हातात देऊन सांगा, लवकर पटतं.

माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो झडत्यांवर, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या यमक जुळवलेल्या ओळींवर. पोळ्यात बैल उभे करतात त्या तोरणाखाली मोठी माणसं झडत्या म्हणतात त्या पोरांनी ऐकलेल्या असतातच, तरी गावातल्या एखाद्या आजोबांना बोलवा, चार झडत्या म्हणू द्या, शेवटी सगळ्यांनी मिळून "हर बोला हर हर महादेव". मग पोरांकडून नवीन करून घ्या. तुम्ही म्हणा "आमचा बैल ढवळ्या", कोणीतरी म्हणेलच "काकड्या खातो कवळ्या", आणि जुळलं नाही तरी म्हणू द्या. शेवटचा आवाज सारखा आहे हे कानाला कळायला लागलं की पुढं अक्षरं ओळखणं सोपं जातं, कॉन्व्हेंटमधल्या पाठांतरात हे होत नाही. कोलामांच्या लेकरांना विचारा, तुमच्या घरी बैलाला काय म्हणतात, शेपटीला काय, आणि ते शब्द बाकीच्यांना म्हणायला लावा, त्या दिवशी ती पोरं शिकवणारी होतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लहान वयात घरच्या भाषेवरच भर दिलाय, त्यामुळं कोणी टोकलं तर बिनधास्त सांगा.

तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा लाकडी बैलांचा पोळा, अंगणवाडीतच भरवा. लाकडी नंदी लहान ते मोठा असे रांगेत लावा, जोड्या लावा, एका जोडीचे पाय मोजा. ज्याच्याकडं नंदी नाही त्याचा मातीचा बैल रांगेत पुढं. बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ, वाटायचं काम पोरांनाच द्या, एका बैलाला एक, कोणाला राहिला, कोणाला दोन गेले, यातच मोजणी होते.

दोन गोष्टी जपा. पळसाची पानं आणा, पण पराटी (कपाशी)-सोयाबीनचा पाला पोरांच्या हातात नको, फवारणीचे दिवस असतात आणि 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली आहेत. आणि सजावटीचे मणी-घुंगरू लहानग्यांना नको, नाकातोंडात घालतात, त्यांना लोकर आणि रंगीत कागद पुरे.

येत्या जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्यांना मात्र स्वतःच्या नावाची पट्टी बैलाच्या गळ्यात बांधायला द्या, ज्याला पाहून काढावंसं वाटेल तो काढेल, नाही काढलं तर या आठवड्यात आग्रह करू नका.