तारे देण्याआधी

बापू, पहिल्याच पुस्तकाला ५ तारे देऊन टाकलेस, मग पुढे याहून चांगलं भेटलं तर काय देशील? गुडरीड्स या पुस्तकांना तारे नि अभिप्राय देण्याच्या वेबसाइटवर ३ तारे म्हणजे ‘आवडलं’, २ म्हणजे ‘ठीक’. आपल्याकडे मात्र ३ दिसले की लोक पुस्तक नापास समजतात. म्हणून ताऱ्यांखाली दोन ओळी लिहीतच जा: कुठे रमलास, कुठली पानं गाळलीस. शेवट फोडू नको.

शिफारस करताना आधी माणूस पाहा. ऐन कापूस वेचणीत मी काकूंना जाड कादंबरी दिली. संक्रांतीपर्यंत ती फडताळात पडून होती. त्यांना कथासंग्रह हवा होता, रात्री एक कथा वाचून झोपता येईल असा.

अर्धवट सोडलंस तर तारे नको, ‘५० पानांवर सोडलं’ एवढंच लिही. मला तेही कामी येतं.